अणुस्कुऱ्याची चढण

राजापूरविषयी लिहिणारा मनुष्य बहुधा समुद्राकडे तोंड करून लिहितो. इंग्रजांची वखार, जैतापूरच्या मुखातून खाडीत शिरणारी गलबते, उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे, मनात येईल तेव्हा अवतरणारी गंगा आणि धूतपापेश्वराचे देवालय एवढे सांगून झाले म्हणजे गावाचा इतिहास सांगून झाला, असे आपण समजतो. यांतले काहीच खोटे नाही. परंतु बंदराला जसे समुद्राकडचे दार असते, तसे डोंगराकडचेही दार असावे लागते. समुद्रातून आलेला माल जर वर देशावर चढणारच नसेल आणि देशावरचा माल खाली उतरणारच नसेल, तर धक्क्याला लागलेल्या गलबताचा उपयोग काय? राजापूरचे हे डोंगराकडचे दार म्हणजे अणुस्कुऱ्याचा घाट. या व्याख्यानात आम्ही त्या दाराचा विचार करणार आहोत, आणि तोही जरा निराळ्या वाहनावर बसून, म्हणजे सायकलीवर बसून.

सायकलीचे नाव काढताच काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. इतिहासाचा सायकलीशी संबंध कोणता, असा प्रश्न विचारणे रास्तच आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे. मोटारीत बसलेल्या मनुष्याला घाटाचा चढ कळत नाही. तो यंत्राला कळतो. पायी जाणारा मनुष्य जवळची पाऊलवाट धरतो, त्यामुळे त्याला रस्त्याचा चढ कळत नाही. सामान लादून लांबच्या प्रवासाला निघालेला सायकलस्वार मात्र रस्ता सोडू शकत नाही आणि चढही टाळू शकत नाही. चढाच्या प्रत्येक फुटाची किंमत त्याला आपल्या छातीतून आणि मांड्यांतून मोजून द्यावी लागते. रस्ता कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने बांधला, हे कागदपत्रांतून जसे कळते, तसेच चढावरूनही कळते. आमचा सांगावयाचा मुद्दा एवढाच आहे की, डोंगराची उंची निसर्ग ठरवितो, पण वाटेचा चढ माणसे ठरवितात. आणि वाटेच्या चढाबरोबर गावाचे दैवही ठरून जाते.

प्रथम राजापूर येथेच का वसले ते पाहू. हे गाव समुद्रकाठी नाही. खाडीच्या मुखाशी जैतापूर आहे, आणि तेथून बरेच आत, अर्जुना व कोदवली या नद्यांच्या संगमापाशी राजापूर आहे. समुद्रावर जगणाऱ्या लोकांनी इतके आत पेठ वसविण्याचे कारण काय? कारण भरतीचे पाणी गलबताला फुकट वाहून नेते, पण बैलाच्या पाठीवरच्या प्रत्येक कोसाला पैसे मोजावे लागतात. म्हणून भरतीच्या जोरावर जितके आत जाता येईल तितके जावे आणि जेथे पाणी संपेल तेथे बैल गाठावेत, हा जुन्या व्यापाऱ्याचा सरळ हिशेब होता. राजापूर हे भरतीचे शेवटचे टोक आणि घाटवाटेचे पहिले टोक. म्हणजे या गावाची जागा समुद्राने जितकी ठरविली, तितकीच सह्याद्रीनेही ठरविली आहे.

येथून वर जाणारी वाट रायपाटण, पाचल, येरडव अशी सह्याद्रीच्या पायथ्याशी जाते, अणुस्कुऱ्याला माथा गाठते, आणि पुढे करंजफेण, बाजारभोगाव असे करीत पन्हाळा व कोल्हापूरच्या मुलखात उतरते. या मार्गावरची नावेच पाहा. खाली ‘पाटण’ आणि वर ‘बाजार’. ज्या वाटेच्या दोन्ही अंगांना गावांच्या नावांतच पेठ आणि बाजार शिरले आहेत, ती वाट केवळ गुराख्यांची नव्हती, हे सांगावयास नकोच. सतराव्या शतकात रायबाग, हुबळी या बाजूंची मिरी आणि कापड राजापुरास उतरत असे. खालून मीठ, नारळ, खजूर, सुकी मासळी वर जात असे. हे सारे बैलांच्या तांड्यांनी चालत असे.

आता चढाचा हिशेब करू. समजा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत ४५० मीटर चढावयाचे आहे. बैलाच्या पाठीवर गोणी लादली असेल, तर तो दर चार पावलांना एक पाऊल उंची घेणारी वाट चढू शकतो. अशी वाट १८०० मीटरांत, म्हणजे दोन किलोमीटरांच्या आत माथ्याला पोचते. तीच उंची गाडीला चढावयाची असेल, तर वीस पावलांना एक पाऊल यापेक्षा फार अधिक चढ चालत नाही. तेव्हा गाडीचा रस्ता ९ किलोमीटर लांब करावा लागतो. डोंगर एकच, उंची तीच, परंतु एक वाट दुसरीच्या पाचपट लांब. ही सात किलोमीटरांची वाढ फुकट होत नाही. डोंगराच्या अंगावर वळणे कोरावी लागतात, ओढ्यांवर मोऱ्या घालाव्या लागतात, दरडींना बांध घालावे लागतात. म्हणून बैलवाट व्यापारी आणि गावकरी मिळून राखू शकतात, पण गाडीरस्ता करावयास सरकारच लागते. आणि सरकार कोणत्या घाटाला पैसा देते, यावर कोणते गाव वाढावे व कोणते झिजावे हे अवलंबून राहते.

वाट व्यापाराची असली की ती युद्धाचीही होते. १६६० साली हे राजापूरच्या अनुभवास आले. त्या वर्षी मार्च महिन्यात शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर आले आणि सिद्दी जौहराने गडाला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने आदिलशाही पक्षाला मदत करण्याचे ठरविले. उखळी तोफ व गोळे घेऊन तो स्वतः पन्हाळ्याखाली गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. महाराज जुलैमध्ये गडावरून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढविली, हा भाग मराठी मुलांना पाठ असतो. त्या तोफेचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. राजापूरचा व्यापारी जर सह्याद्री ओलांडून पन्हाळ्याच्या युद्धात हात घालू शकतो, तर पन्हाळ्याचा राजाही सह्याद्री ओलांडून राजापुरास जाब विचारू शकतो, हे रेव्हिंग्टनला उमगले नाही. घाट दोन्ही बाजूंनी चढता येतो आणि दोन्ही बाजूंनी उतरताही येतो.

१६६१ च्या मार्चमध्ये तो जाब विचारला गेला. महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली, आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद करून किल्ल्यांवर ठेवले. ते १६६३ साली सुटले. वखारीच्या नुकसानीचा वाद पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा झालेल्या तहात दहा हजार होनांची भरपाई ठरली. ज्या गावाची भरपाई राज्याभिषेकाच्या तहात येते, ते गाव त्या काळी किती महत्त्वाचे होते ते निराळे सांगावयास नको. आणि हे महत्त्व केवळ खाडीमुळे नव्हते. कोकणात खाड्या पुष्कळ आहेत. देशावरच्या मिरी-कापडाला थेट पाण्यावर आणून सोडणाऱ्या खाड्या मात्र थोड्याच होत्या.

पुढे चाकाचा काळ आला. मुंबई सरकारने पुण्याच्या वाटेवरील बोरघाटात गाडीरस्ता केला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० साली तो खुला केला. याच घाटातून १८६३ साली आगगाडी वर चढली. देशावरचा माल मुंबईकडे वळला आणि कोकणातल्या जुन्या बंदरांचा जीव कमी कमी होऊ लागला. तरीही ज्या घाटांना गाडीरस्ता मिळाला, त्यांच्या पायथ्याची गावे काही काळ तगून राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातून वर जाणाऱ्या वाटांपैकी कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांवर एकोणिसाव्या शतकात गाड्या जाऊ लागल्या. अणुस्कुरा बैलाच्या पाठीवरच राहिला. त्यातून माथा कोल्हापूर संस्थानात आणि पायथा इंग्रजी मुलखात. दोन राज्यांच्या सीमेवरच्या वाटेची काळजी कोणी घ्यावयाची? हे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर ही स्थिती राहिली. घाटात मोटार चालण्याजोगा रस्ता त्यानंतरही पुष्कळ उशिरा आला.

राजापूर खाडी गाळाने भरली म्हणून बुडाले, असे आपण नेहमी ऐकतो. गाळ भरला हे खरे आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरात नोंद आहे की, अरबी गलबते अद्याप या बंदराशी थेट व्यापार करीत, परंतु मोठ्या जहाजांना जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावे लागे. पण गाळ हे अर्धे कारण झाले. ज्या बंदरातून सोन्यासारखा व्यापार चालतो, तेथला गाळ उपसण्यासाठी धडपड करणारी माणसे असतात. राजापूरच्या गाळाकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण तोपर्यंत वरून माल उतरेनासा झाला होता. पुढचे दार गाळाने बुजण्याच्या आधी मागचे दार अडले होते, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

आता सायकलीकडे येऊ. पायाने रेटावयाची दुचाकी जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली चालविली. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागले चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात १८८५ साली निघाली. आणि १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेली धाव काढली. त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कुटुंबाने सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना ज्या घराण्याने उभा केला, त्याचा उद्योग सायकलीपासून सुरू झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सपाटीवर सायकल हे सोयीचे वाहन होते. डोंगरात मात्र तिची परीक्षा झाली. फ्रान्समध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० साली ती पिरेनीज पर्वतातील तूरमाले या २११५ मीटर उंचीच्या खिंडीवरून नेण्यात आली. त्या वर्षीचा विजेता ओक्ताव्ह लापीझ हा डोंगरात शर्यतीच्या चालकांवर ‘खुनी’ म्हणून ओरडला. १९१३ साली अजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा याच खिंडीच्या उतारावर मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो खालच्या खेड्यातील लोहाराकडे चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. एका पोराने भाता हलवून त्याला मदत केली एवढ्यासाठीच परीक्षकांनी त्याला दंड ठोठावला! त्या वेळच्या स्पर्धकांना चढावर साखळी लहान-मोठ्या दातेरी चाकांवर सरकविण्याची सोय नव्हती. चढ आला की खाली उतरावयाचे, मागले चाक काढून उलटे बसवावयाचे आणि पुन्हा स्वार व्हावयाचे. पॉल द व्हिवी या फ्रेंच गृहस्थाने गतिबदलाच्या यंत्राचा आयुष्यभर पुरस्कार केला, तरी या शर्यतीत त्याला परवानगी मिळावयास १९३७ साल उजाडले. तोवर तो निवर्तला होता.

आपल्या मुंबईच्या तरुणांनी या सोयीची वाट पाहिली नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण आणि इराकची वाळवंटे, आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे मार्च १९२८ मध्ये परत आले. अलीकडे, २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विशीच्या उंबरठ्यावर सुमारे २९,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा केली. या मंडळींचे कौतुक करताना आपण त्यांच्या धाडसाविषयी बोलतो. आम्हांला त्यांच्याविषयी दुसऱ्याही एका कारणाने आदर वाटतो. ज्या देशातून ती गेली, तेथील चढउतार त्यांच्या शरीरात उतरले. नकाशा वाचणारे पुष्कळ असतात. तो अंगाने वाचणारे थोडे.

याच समजुतीने आम्ही काही मंडळी एका चैत्रात सायकलींवर सामान लादून राजापुराहून कोल्हापूरच्या बाजूस गेलो. ओणीहून आत वळल्यावर पाचलपर्यंत जांभ्याचा तांबडा सडा आणि त्यामधली भातखाचरे दिसतात. रस्ता वरखाली होतो, पण तो उगीच घोळवीत नेतो. कोकणातला प्रत्येक ओढा म्हणजे एक उतार आणि एक चढ. येरडवच्या पुढे रंग पालटतो. तांबडा दगड संपून काळा कातळ सुरू होतो, आणि रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसू लागतात. ऐन, किंजळ, जांभूळ यांची सावली आणि करवंदीच्या जाळ्या सोबतीला असतात. खाली मागे वळून पाहिले म्हणजे अर्जुनेचे खोरे पश्चिमेकडे उलगडत जाताना दिसते.

सायकलीवर या चढाचा हिशेब फार प्रामाणिक असतो. पासष्ट किलो वजनाचा मनुष्य, पंधरा किलोची सायकल आणि वीस किलो सामान, असे शंभर किलो वजन ४५० मीटर वर उचलावयाचे. हे काम एका तासात करावयाचे म्हटले तर निव्वळ उंची घेण्यासाठी सव्वाशे वॉटच्या जवळपास शक्ती सतत लावावी लागते. जुन्या काळचा शंभर वॉटचा दिवा तासभर पायांनी पेटता ठेवावयाचा आणि वर थोडे अधिक द्यावयाचे, असे समजा. वीस किलो सामान घरी ठेवले असते तर शंभराच्या आतच भागले असते. म्हणजे सामानाच्या प्रत्येक जिनसाला चढावर जकात बसते. तांड्यातला व्यापारी मिरीसारखा हलका आणि मोलाचा माल का निवडीत असे, हे आम्हांला त्या वळणांवर जितके नीट समजले, तितके ग्रंथालयात बसून समजले नव्हते. भात वर नेणे परवडत नाही; मिरी खाली आणणे परवडते.

आणि जुनी वाट? ती नव्या रस्त्याजवळून, कोठे त्याच्या वर, कोठे खाली, झाडीतून सरळ माथ्याकडे जाते. काही ठिकाणी फरसबंदीचे दगड अजून जागेवर आहेत. रस्ता डोंगराची समजूत घालीत वळणे घेतो. ती वाट डोंगराच्या छातीवरून सरळ चढते. सायकल टेकवून थोडे अंतर आम्ही तिच्यावरून चाललो. दगड गुळगुळीत झिजले आहेत, आणि त्यांच्या बाजूंना पावसाच्या पाण्याने चर पडले आहेत. शेजारी शेजारी असलेल्या या दोन वाटा म्हणजे दोन शतकांचे दोन निर्णय होत. एक सांगते, येथे बैल यावा एवढेच आम्हांला हवे होते. दुसरी सांगते, येथे मालमोटार यावी असे आम्हांला वाटले.

कोणी म्हणेल, आता या वाटेचे एवढे कौतुक कशाला? १९९८ सालापासून कोकण रेल्वे धावते आहे, मोटारी काही तासांत कोल्हापुरास पोचतात, आणि गोणी लादलेला बैल कोणालाही नको आहे. हे सर्व खरे आहे. परंतु प्रश्न बैलाचा नाही, आपण घाटाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो याचा आहे. पावसाळ्यात अणुस्कुऱ्यात दरड कोसळते, रस्ता बंद पडतो, आणि चार दिवस सारे राजापूर वरच्या बाजूने तुटते. मग दगडमाती बाजूला सारली की आपण पुढल्या पावसाळ्यापर्यंत तो विषय विसरतो. घाटरस्त्याचा खरा वैरी चढ नव्हे, पाणी होय. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर येते, रस्त्यावरून भरावात मुरते, आणि भराव सुटतो. हे काम मोठ्या खर्चाचे नाही, नित्य लक्ष देण्याचे आहे. मागच्या दाराकडे घरातल्या माणसांचे लक्ष नसले म्हणजे काय होते, ते या गावाने एकदा भोगले आहे.

जुन्या वाटेचे काम तर त्याहून सोपे आणि त्याहून तातडीचे आहे. फरसबंदीचा एक एक दगड निसटत चालला आहे. डोईवर ओझे घेऊन ही वाट चढलेली, वरच्या गावात लेक दिलेली आणि वरच्या गावातून सून आणलेली माणसे पाचल-येरडवच्या बाजूस आता थोडी उरली आहेत. कोठे विसावा होता, कोठे पाणी होते, कोणत्या वळणावर बैल अडत, हे त्यांच्यावाचून कोणी सांगू शकणार नाही. येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत फीत घेऊन ही वाट मोजावी, तिचा नकाशा काढावा, आणि या वृद्धांचे सांगणे लिहून घ्यावे. यासाठी मोठा निधी नको, परवानग्यांची रांग नको. चांगले जोडे, वही आणि थोडी दमछाक सोसण्याची तयारी एवढे पुरे.

राजापूरचा इतिहास पुढे कोणी नीट लिहील, तेव्हा त्यात वखारीचे प्रकरण येईलच आणि गंगेचेही येईल. परंतु पहिले प्रकरण भरतीच्या पाण्यावर लिहावे आणि दुसरे अणुस्कुऱ्याच्या चढावर, अशी आमची त्या लेखकास विनंती राहील. आणि ते दुसरे प्रकरण लिहिण्यापूर्वी त्याने एकदा तरी तो घाट स्वतःच्या पायांच्या बळावर चढावा.